चवथीच्या पंगतीत गप्प बसलेली माणसे

तुमच्या पत्रातली हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे बोलणे कशाला धरून आहे हे स्पष्ट राहील. तुमचे माहेर डिचोली तालुक्यात. आई ७१ वर्षांची, वडील जाऊन दहाएक वर्षे झालेली. थोरले भाऊ आणि वहिनी आईबरोबर राहतात, तुम्ही लग्नानंतर मडगावला आहात आणि धाकटा भाऊ पत्नीसह पुण्यात असतो. माहेरी पाच दिवसांचा गणपती, आणि सासरचा दीड दिवसाचा आटोपून तुम्ही तिसऱ्या दिवशी तिथे जेवायला जाता. गेल्या वर्षी त्या जेवणात, वीसेक माणसे पानावर बसलेली असताना, आईने एक नेवरी (करंजी) उचलली, तिची तळताना सुटलेली कड सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि "हिच्या हातात कातणे कोणी दिले?" असे विचारले. धाकटी भावजय उठून आत गेली, भाऊ तिच्या मागोमाग गेला आणि तासाभरात दोघे गाडी काढून निघून गेली. यंदा तो येणार नाही म्हणतो. आई म्हणते की तो आला नाही तर हा घरातला शेवटचा गणपती, आणि मग घरही कोणाला मिळणार नाही. आईची समजूत कशी घालावी आणि भावाला कसे आणावे, असे तुम्ही विचारले आहे.

प्रश्न तुम्ही दोन विचारलेत, पण दोन्हींत राबणारे माणूस एकच आहे. आईची समजूत घालायची तुम्ही, भावाला आणायचे तेही तुम्हीच. आई काय बोलली हे तुम्ही शब्दन् शब्द लिहिले आहे, ती बोलत असताना तुम्ही भावंडे काय करत होता, याविषयी मात्र साऱ्या पत्रात एकच वाक्य आहे: "आम्ही सगळे खाली मान घालून जेवत राहिलो." मी गेली २२ वर्षे फोंडा आणि म्हापसा येथे कौटुंबिक समुपदेशन करते, आणि अशा घरांविषयी माझा अनुभव असा आहे की आईचा स्वभाव हा अडचणीचा निम्माच भाग असतो. चाळिशी-पन्नाशीची कर्ती माणसे दारवंटा ओलांडताच पुन्हा दहा वर्षांची होतात आणि दहा वर्षांच्या मुलांप्रमाणे ज्याने त्याने आपापली पाठ वाचवायची, एवढेच पाहतात, हा उरलेला निम्मा भाग. तुमच्या हातात जे काही आहे ते या उरलेल्या भागात आहे, म्हणून माझे बहुतेक उत्तर त्याविषयीच असेल.

दहा वर्षांचे होणे हे मी केवळ अलंकार म्हणून लिहिलेले नाही. माझ्याकडे एक गृहस्थ येत असत, वय ५२, एका बँकेत शाखाधिकारी. एकदा बोलता बोलता त्यांचा मोबाइल वाजला, आईचा फोन होता, आणि हे गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर ते "होय, होय, आणतो" एवढेच बोलले, आणि परत बसताना आपण उभे का राहिलो याचे त्यांना स्वतःलाच हसू आले, कारण आई तिकडे काणकोणात होती आणि तिला काही दिसत नव्हते. सवय अशी अंगात मुरलेली असते. "यंदा आईला तोंडावर सांगणारच" असा निश्चय करून ती जात नाही, आणि तो निश्चय मोडला की माणूस स्वतःलाच भेकड ठरवून बसतो, हे त्याहून वाईट.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या, कारण माझा सल्ला त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिली म्हणजे आईचा हा स्वभाव जन्माचा आहे की गेल्या दोनतीन वर्षांत वाढला आहे. साठी-सत्तरीनंतर माणूस अचानक तिरसट, संशयी किंवा चारचौघांत काय बोलू नये याचे भान सुटल्यासारखे वागू लागले, तर त्यामागे स्मृतिभ्रंशाची सुरुवात, नैराश्य, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नुसते ऐकू कमी येणेही असू शकते. तसे वाटत असेल तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सुचवले तर बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञांचे मत घेता येते. दुसरी गोष्ट, घरात मारहाण, कोंडून ठेवणे किंवा सुनेचे दागिने-पैसे अडकवणे असे काही घडत असेल, तर तो केवळ स्वभावाचा प्रश्न राहत नाही आणि तिथे वकिलाची व पोलिसांची मदत लागते. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. तुम्ही वर्षातून चार दिवस माहेरी जाता. थोरल्या वहिनी तिथे बाराही महिने असतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही आईला काही सुनावलेत आणि संध्याकाळी मडगावला परतलात, तर त्या बोलण्याची किंमत चवथ संपल्यावर कित्येक आठवडे स्वयंपाकघरात वहिनी मोजत राहतील. त्यामुळे तुम्ही जे काही करायचे ठरवाल ते त्यांना आधी कळलेले असले पाहिजे आणि त्यांनी "नको" म्हटले तर ते नको. शिकून बाहेर पडलेल्या नणंदेचा शूरपणा घरातल्या सुनेला किती महाग पडतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

आता आईविषयी. पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की वडिलांचे खाणीवर दोन ट्रक होते, खाणी बंद पडल्या आणि त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा सप्टेंबर २०१२ हा महिना पुन्हा पुन्हा बोलण्यात येतो. त्या महिन्यात खाणी थांबल्या, ट्रक अंगणात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. ज्या बाईने त्या काळात नवरा खचलेला पाहिला, एक ट्रक मिळेल त्या किमतीला विकला, हप्ते फेडले आणि धाकट्याचे शिक्षण तरीही पुरे केले, तिच्या मनात एक हिशोब पक्का बसतो की मी पकड सैल केली की घर बुडते. तेव्हा तो हिशोब बरोबरही होता. आज घर बुडत नाही, मुलांचे पगार चालू आहेत, पण पकड तशीच आहे आणि तिला धरायला आता नेवरीच्या कडेखेरीज फारसे काही उरलेले नाही. हे सांगण्यामागे तिने केले ते क्षम्य ठरवावे असा माझा हेतू नाही. भावजयीचा अपमान झाला तो झालाच. पण आई दुष्ट आहे असे धरून चाललात तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी जोर लावाल.

मग जोर कुठे लावायचा? तुमच्या घरातले बोलणे कसे फिरते ते पाहा. धाकट्याला राग आला की तो तुम्हाला फोन करतो. आई त्याच्यावर रागावली की तीही तुम्हालाच फोन करते. थोरले भाऊ काही बोलत नाहीत, पण त्यांना काय वाटते ते वहिनी तुम्हाला सांगतात. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी कुटुंबाच्या अभ्यासात त्रिकोणाची कल्पना मांडली: दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, त्याने ताण तात्पुरता उतरतो आणि मूळ भांडण तसेच्या तसे राहते. तुमच्या घरी हे तिसरे माणूस कायम तुम्हीच आहात. तुम्ही निरोप पोचवता, तो पोचवताना त्यातले कडू शब्द गाळता, आणि त्यामुळे गेली दहा वर्षे त्या मायलेकांना एकमेकांशी सरळ बोलण्याची गरजच पडलेली नाही. तुमचा चांगुलपणा ही व्यवस्था चालू ठेवतो, हे वाचायला कठोर वाटेल याची मला कल्पना आहे.

म्हणून पहिले काम हे की आईशी काहीही बोलण्याआधी तुम्ही भावंडांनी एकमेकांशी बोलायचे. चवथीच्या महिनाभर आधी, आई समोर नसताना, तासभर. धाकटा पुण्याहून व्हिडिओवर आला तरी चालेल, पण दोन्ही भावजया हव्यात, कारण सोसले त्यांनी आहे. या तासात आईच्या तक्रारींची उजळणी करू नका. ती करण्यात अपार गोडी असते आणि वेळ केव्हा संपला ते कळत नाही. एकच गोष्ट ठरवा. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी बहुधा असे सुचवते: जेवणाच्या पंगतीत कोणाच्या हातच्या पदार्थाला, अंगाला, पगाराला किंवा मूलबाळ नसण्याला नावे ठेवली गेली, तर ज्याला बोलणे लागले त्याने काही बोलायचे नाही, त्याच्या शेजारी बसलेल्याने बोलायचे. आणि बोलायचे ते एवढेच: "आई, हा विषय इथे नको." त्यानंतर लगेच वाढायला उठायचे किंवा खतखत्याच्या भाजीत तिरफळ बेताचे पडले आहे असे काहीतरी म्हणायचे. कारण द्यायचे नाही, भाषण तर नाहीच. कारण दिले की त्यावर वाद घालता येतो, आणि वादात तुमची आई तुम्हा तिघांना पुरून उरेल.

एवढ्याशा वाक्याने काय होणार, असे तुम्हाला वाटेल. मोठ्या वाक्यांनी काय होते ते मी माझ्या चुकीतून शिकले आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका तरुणाला मी सांगितले होते की मनातले सगळे एकदा आईसमोर मोकळे करून टाक. तो बिचारा आज्ञाधारक. त्याने चवथीच्या दुसऱ्या दिवशी, घुमट वाजवून होणाऱ्या आरतीला जमलेल्या नातलगांसमोर, वीस वर्षांचे सारे बोलून टाकले. आई "व्हड जालो मरे तूं!" (मोठा झालास रे तू!) एवढेच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडून राहिली. मावश्या भोवती जमल्या, कोणी रक्तदाब पाहिला, कोणी त्याला दटावले, आणि विसर्जनाला निघायच्या आधी तो तिच्या पायांवर डोके ठेवून रडत होता. पुढल्या वर्षी त्या घरातले नियम आणखी दोन वाढले. प्रेक्षक असताना केलेले भांडण नेहमी तीच व्यक्ती जिंकते, जिच्या बाजूने उभे राहण्याची प्रेक्षकांना सवय आहे, आणि सणाच्या दिवशी म्हातारी विधवा आई विरुद्ध कमावता मुलगा या सामन्यात गोव्यातले कोणतेही घर मुलाच्या बाजूने उभे राहत नाही.

छोट्या वाक्याचा उपयोग असा की ते प्रत्येक वेळी म्हणता येते. प्रत्येक वेळी, हे महत्त्वाचे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांपासून वर्तनाच्या अभ्यासकांना एक गोष्ट माहीत आहे: ज्या कृतीचे फळ अधूनमधून मिळते ती कृती सर्वांत चिवट होते, आणि फळ पुरते बंद झाले की ती कृती कमी होण्याआधी काही काळ उलट वाढते. आमच्या भाषेत सांगायचे तर तुम्ही दोनदा "विषय नको" म्हणालात आणि तिसऱ्यांदा आईचे डोळे भरले म्हणून मान खाली घातलीत, तर तिच्या हाती एवढेच लागले की डोळे भरेपर्यंत ताणायचे. शेवटपर्यंत धरता येणार नाही असे वाटत असेल तर सुरूच करू नका. आणि सुरू केलेत तर यंदाची चवथ गेल्या वर्षीपेक्षा बिघडेल असे गृहीत धरा. ती न बोलता बसेल, जेवणार नाही, तिच्या बहिणीला फोन करून तुमची गाऱ्हाणी सांगेल. ते सगळे होऊ द्या. मावशीला मध्यस्थ करू नका आणि नातवंडांच्या हाती "आज्जीला सांग" असे निरोप तर मुळीच देऊ नका. तुम्ही तीन वाजता निघणार असे आदल्या आठवड्यात फोनवर सांगितले असेल, तर तीन वाजता निघा, ती रडत असली तरीही. आणि पुढच्या रविवारी काहीच घडले नाही अशा तोऱ्यात पुन्हा तिच्याकडे चहाला जा. तुम्ही निघता म्हणजे तिला टाकून देता, असे तिला वाटते, आणि पुढचा रविवारच तिला ते तसे नाही हे दाखवू शकतो.

घराच्या धमकीबद्दल थोडे, कारण ती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात दिली जाते आणि गोव्यात तिच्यात वाटते तेवढा दम नसतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून ही व्यवस्था आली. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोवा कायद्यात आहे, जो २०१६ च्या अखेरीस लागू झाला. त्यानुसार घर आईवडिलांच्या सामाईक मालकीचे असेल तर निम्मे आईचे; वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांचे निम्मे त्यांच्या पश्चात तुम्हा तिघा भावंडांकडे आले आहे, मग इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणीची न्यायालयीन कार्यवाही, झालेली असो वा नसो. आईलाही आपल्या हिश्शापैकी निम्म्याचीच मृत्युपत्राने हवी तशी व्यवस्था करता येते. उरलेला निम्मा मुलांसाठी राखीव असतो, आणि कायद्यात सांगितलेल्या गंभीर कारणांखेरीज मुलांना त्यातून वगळता येत नाही. घर जर काका-चुलत्यांसह सामाईक असेल किंवा मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणारे कूळ म्हणून, मिळालेले असेल, तर गणित बदलते आणि ते वकिलाकडूनच समजून घ्यावे. हे सगळे आईला ऐकवण्यासाठी नाही, कृपा करून ऐकवू नका. धाकट्याला मात्र सांगा. पुण्यात बसून तो आईच्या रागाला भितो आहे की घर जाण्याला, हे त्याचे त्यालाच नीट माहीत नसावे.

आईच्या हातून सगळेच काढून घ्यायचे, असा याचा अर्थ नाही. माझ्या कामात मी एक भेद करते, तो तुम्हाला उपयोगी पडेल. सण कसा करायचा यावर तिची सत्ता असू द्या. माणसांनी कसे जगायचे यावर ती नको. नैवेद्याला काय, पातोळ्यांना हळदीची पाने कुठली, आरती किती वाजता, या बाबतीत तिचा शब्द शेवटचा राहिला तर तुमचे काही जात नाही, आणि ते तिचे खरे ज्ञान आहे. फोंड्यातल्या एका मुलाने या बाबतीत मला चकित केले. आई त्याच्या बायकोवर सतत डाफरायची. त्याने त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी आईला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात नेले आणि हातात वही घेऊन तिच्यामागे फिरला: हे काय, हे कुठल्या डोंगरात मिळते, माटोळीला हे कुठे बांधायचे, आमच्या घरी हेच का लागते. सुपारीचा शिपटा, नारळाची पेंड (घोस), तोरिंगण, आंबाडे, फागलां असे करत वहीची तीन पाने भरली. दोन तास आईने सुनेचे नाव काढले नाही. संध्याकाळी पेंड उलट्या बाजूला बांधली म्हणून ती मुलावर खेकसली, हेही खरे, पण ते खेकसणे पेंडीविषयी होते.

तुमच्या घरी याचे रूप काय असावे हे मी दुरून सांगू शकत नाही. थोरल्या वहिनींना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. नेवऱ्यांचे मात्र एक सुचवते. तुमच्या आईच्या हातच्या नेवऱ्यांची कड सुटत नसेल, तर ती दुमडताना काय करते ते तिला तुमच्या मुलीला शिकवू द्या. धाकट्या भावजयीला नको, निदान यंदा तरी.

आणि आता भाऊ. त्याला आणण्याचे काम सोडून द्या. तो यंदा आला नाही तर चालेल. विटाळ नाही, सुतक नाही, गणपती त्याच्यावाचूनही बसेल. आईने "तू त्याला सांग" म्हटले की एवढेच म्हणा, "आई, त्याचा फोन चालू असतो, तूच लाव." ती लावणार नाही. कदाचित महिनाभर लावणार नाही. त्या महिन्यात मध्ये न पडणे हे तुम्हाला पंगतीतल्या त्या वाक्यापेक्षाही जड जाईल, कारण घरात सगळ्यांना जोडून ठेवणारी ती तुम्ही, ही तुमची स्वतःविषयीची समजूतही त्यात पणाला लागते. भावाला मात्र तुम्ही येण्याचा आग्रह न करता तुमचे ठरलेले सांगू शकता: यंदा पंगतीत कोणी एकटे पडणार नाही, असे आम्ही ठरवले आहे, यायचे की नाही ते तू आणि ती ठरवा.

त्याआधी एक फोन राहिला आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी तोच करावा. माझ्याकडे येणाऱ्या सुना सासूचे बोलणे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. त्या वेळी पानावर बसलेली बाकीची माणसे काय करत होती हे सांगू लागल्या की आवाज खाली येतो, आणि बहुतेक जणी तिथेच रडतात. सासू बोलणारच, हे त्यांनी धरलेले असते. नणंद, दीर, नवरा यांपैकी कोणीतरी मान वर करील, एवढे त्यांना वाटलेले असते. तुमच्या आईकडून माफी येईल असे मला वाटत नाही, आणि तिच्या वतीने तुम्ही ती मागूही नका. तुम्ही त्या दिवशी तिथे होता, ऐकलेत आणि बोलला नाहीत, एवढ्या तुमच्या वाट्यापुरते बोला. "आईचे मनात धरू नकोस, तिचा स्वभावच तसा" हे वाक्य चुकूनही जोडू नका. आणि भावाच्या फोनवर करून "जरा तिला दे" असे म्हणू नका. तिचा नंबर तुमच्याकडे आहे, फोन थेट तिलाच लावा.